हॉटशॉट घेताय? आधी इंजिनवरचा नंबर बघा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला हो. 1950 ची क्रॉस्ली हॉटशॉट, म्हणजे ती चिमुकली अमेरिकन स्पोर्ट्स कार, शेतावरच्या कोठारात (बार्नमध्ये) धूळ खात पडलेली, टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा नंबर चॅसिसच्या प्लेटशी जुळत नाही आणि विकणारा म्हणतोय काही होत नाही. सेम माझी केस, इथेच अमेरिकेत, ओहायो राज्यात.

गंज, वायरिंग तुम्ही बघालच. माझा गाढवपणा सांगतो. गाडीबरोबर दोन इंजिनं आली, एक बसवलेलं चालू आणि एक मूळचं, तडा गेलेलं. क्रॉस्लीचं हेड (इंजिनाचं वरचं झाकण) सुटं होत नाही, ब्लॉकसकट (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यासकट) एकच ओतीव, म्हणजे तडा गेला की संपलंच असं धरून मी ते भंगारात दिलं. आपल्याकडे आरसी बुकात इंजिन आणि चॅसिस दोन्ही नंबर असतात ना, त्यामुळे डोक्यातच आलं नाही की इथल्या टायटलवर एकच नंबर असतो आणि जुन्या गाड्यांना बऱ्याच राज्यांत तो इंजिनचाच टाकायचे!! गाडीची कुंडलीच भंगारवाल्याला देऊन बसलो.

मग टायटल नावावर करायचं ते सरकारी ऑफिस. खिडकीवरच्या बाई म्हणे क्रॉस्ली नावाची कंपनीच यादीत नाही. अहो, तुमच्याच सिनसिनाटीचा पॉवेल क्रॉस्ली, रेडिओ विकून गब्बर झाला, रेड्स ही बेसबॉल टीम त्याची, 1939 मध्ये डिपार्टमेंट स्टोअरमधून मोटारी विकायला काढल्या त्याने! 1952 ला दुकान बंद झालं ते सोडा, पण याच 26.5 हॉर्सपॉवरच्या हॉटशॉट मॉडेलने 1950 च्या 31 डिसेंबरला फ्लोरिडातल्या सेब्रिंगची पहिली सहा तासांची रेस हँडिकॅपवर, म्हणजे लहान इंजिनांना सवलत देणाऱ्या हिशोबावर, मारली होती. बाईंना काय त्याचं. दर खेपेला नवा फॉर्म, सात महिने गेले, शेवटी इन्स्पेक्शन, अ‍ॅफिडेव्हिट आणि जुन्या मालकाच्या मुलाच्या हातापाया पडून सही.

मी वकील नाही, राज्यागणिक नियम बदलतात, तरी माझं मत: टायटलवरचा नंबर गाडीवर कुठेतरी स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत एक डॉलरही देऊ नका. आणि सुटं इंजिन असेल तर फुटकं का असेना, पहिलं ते ताब्यात घ्या.

जाता जाता, तिला सुरुवातीचे डिस्क ब्रेक असतील तर ओरिजिनल म्हणून हुरळून जाऊ नका. रस्त्यावरच्या मिठाने ते जाम व्हायचे, कंपनीच परत ड्रमवर गेली. मी ड्रमच बसवलेत, सगळं ओरिजिनलच हवं म्हणणाऱ्या प्युरिस्ट लोकांनी खुशाल शिव्या घालाव्यात.

प्लेटचा आणि ब्लॉकवरच्या नंबरचा फोटो टाका, बघून सांगतो.