नवीन क्रेडिट कार्डसाठी अर्ज करण्याआधी काय काय बघावं?
मॉलमधल्या स्टॉलवरचा पोरगा ‘सर, लाइफटाइम फ्री आहे’ म्हणाला की लगेच सही ठोकू नका, आधी सिबिल स्कोअर (कर्ज-बिलं वेळेवर फेडता की नाही याचे गुण) बघा, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि एकदम चार बँकांत अर्ज टाकलात तर प्रत्येक चौकशीची नोंद होते नि स्कोअर थोडा घसरतो. फी असेल तर वर १८% जीएसटी धरा. पण खरी गोम ‘मिनिमम ड्यू’त, म्हणजे बिलातल्या किमान भरायच्या रकमेत आहे. मी एकदा ४०,००० च्या बिलावर २,००० भरून निवांत बसलो, तर उरलेल्यावर व्याज लागलंच, वर नवीन भरलेल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून! महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२, सावकार परवडला. आणि हो, या कार्डाने एटीएममधून कॅश अजिबात काढू नका, तिथे बहुतेक कार्डांवर बिनव्याजी दिवस नसतातच.