'डोन्ट गो ब्रेकिंग माय हार्ट' हे गाणं ब्रिटिश गायक एल्टन जॉन आणि गायिका किकी डी यांनी एकत्र रेकॉर्ड केलं होतं का?

नाही, दोघांचे आवाज वेगवेगळ्या देशांत रेकॉर्ड झाले. १९७६ मध्ये एल्टन यांनी टोरांटोत बँडसोबत गाणं रेकॉर्ड केलं, आणि किकींच्या ओळी कुठे येणार हे कळावं म्हणून त्याही स्वतःच गाऊन ठेवल्या. मग टेप लंडनला गेली आणि किकींनी तिथे आपला भाग गायला. किकींनी स्वतः मुलाखतींत हे सांगितलं आहे. तरीही सवाल-जवाब इतका जिवंत वाटतो, याचं बरंचसं श्रेय मी निर्माते गस डजन यांना देईन. व्हिडिओत मात्र दोघं माइकसमोर एकत्र दिसतात, गोंधळ तिथूनच होतो. ते चित्रीकरण आहे, मूळ रेकॉर्डिंग नव्हे. गाणं ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.