टीएसएच थोडा वाढलाय, बाळाच्या बुद्धीवर परिणाम होईल का?

गरोदरपणातला पहिला थायरॉईड रिपोर्ट हातात पडला की बऱ्याच जणी हाच प्रश्न घेऊन येतात. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतली पूजा (नाव बदललं आहे) आली तेव्हा तिला नववा आठवडा होता. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉईड कमी पडलं की हे वाढतं) ५.८, फ्री टी-फोर (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) व्यवस्थित. मोबाईलवर वाचून वाचून तिची झोप उडालेली. "माझ्यामुळं बाळ मंदबुद्धीचं होणार का ओ ताई?" एवढं विचारलं आणि रडायलाच लागली.

त्या 'माझ्यामुळं'वर मी आधी बोलले. यात तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. गरोदरपणात थायरॉईडवर कामाचा बोजा वाढतो, काहींच्या ग्रंथीला तो पेलत नाही. बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यापासून काम सुरू करते, तोवर त्याची सगळी भिस्त आईवर. म्हणूनच डॉक्टर लवकर तपासतात. पण बुद्धीबद्दल तिनं जे वाचलं होतं ते तीव्र आणि उपचारच न झालेल्या कमतरतेबद्दल होतं. पूजासारख्या सौम्य कमतरतेच्या ६७७ गर्भवतींवर अमेरिकेत झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात थायरॉईडची गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या मातांच्या मुलांच्या बुद्ध्यांकात पाचव्या वर्षी म्हणावा असा फरक दिसला नाही.

"मग गोळी कशाला?" नवऱ्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. पूजाच्या टीपीओ अँटिबॉडीज (शरीरानं आपल्याच थायरॉईडविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह होत्या. अशा वेळी गर्भपाताचा आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून डॉक्टरांनी गोळी लिहून दिली होती.

गोळी घेतेस कशी, असं विचारल्यावर खरी अडचण कळली. नवरा कौतुकानं रोज पहाटे तिला गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला न्यायचा. थायरॉईडची गोळी ती त्या दुधाबरोबरच घ्यायची आणि लगेच लोहाची. दूध, लोह, कॅल्शियम यांनी ही गोळी अंगी लागत नाही. शिवाय कच्चं दूध गरोदरपणात नकोच, त्यातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात.

"म्हणजे दूध बंद?" त्याचा चेहराच पडला. बंद नाही म्हटलं, घरी तापवून द्या, गोळीनंतर तासाभरानं. गोळी उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर. लोह-कॅल्शियम चार तासांनी.

महिन्याभरानं टीएसएच २.३ आला. पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी चालू ठेवायची, गोळी मनानं बंद करायची नाही, हे दोघांनाही बजावलं. बाळंतपणानंतर डोस डॉक्टरच कमी करतील आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासतील. अंगावर पाजताना ही गोळी चालते.