एकच शब्द इतक्या असंबंधित गोष्टींचं नाव कसा होऊन बसतो?

तुम्ही विचारलंय की 'अंक' म्हणजे संख्या, 'अंक' म्हणजे मासिकाची प्रत आणि जुन्या काव्यात 'अंक' म्हणजे चक्क मांडी; या तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसताना शब्द एकच का, आणि हे ठरवतं कोण?

ठरवत कुणीच नाही. शब्दकोशात सगळे अर्थ एकाखाली एक छापलेले असतात, त्यामुळे कुणीतरी बसून ही विचित्र मोट बांधली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी एका बोलणाऱ्याने एकच छोटं पाऊल टाकलेलं असतं, तेही अगदी शेजारच्या गोष्टीकडे. ते पाऊल त्या क्षणी ऐकणाऱ्यालाही सहज पटलेलं असतं. मग पिढ्या जातात, मधली पावलं पुसली जातात आणि आपल्या हाती फक्त दोन टोकं उरतात.

तुमचाच शब्द घेऊ. 'अंक'च्या मुळाशी वाकणं आहे. 'अंकुश' हा त्याच कुळातला. माणूस बसला की अंग कमरेत वाकतं आणि मूल बसवता येईल अशी जागा तयार होते, तो अंक. वाकडी रेघ ओढून केलेली खूण, तोही अंक. चंद्राला 'शशांक' म्हणतात ते त्याच्यावर सशाची खूण दिसते म्हणून. तिथे ना संख्या आहे ना मांडी. खुणा करून मोजायचं, म्हणून मोजणीची खूण हा अंक आणि पुढे ती संख्याच अंक. नियतकालिकांवर 'वर्ष अमुक, अंक तमुक' असं छापलं जाऊ लागलं, तेव्हा क्रमांकाचं नाव हातातल्या प्रतीलाच चिकटलं. आज 'अंक मिळाला का?' असं विचारणाऱ्याच्या मनात ना संख्या असते ना खूण. मराठीतल्या 'आकडा' या शब्दात तर या प्रवासाची दोन टोकं अजून शेजारीशेजारी नांदतायत: काहीतरी अडकवायचा लोखंडी आकडा आणि हिशोबातला आकडा. वाकलेली वस्तू आणि संख्या, दोन्ही एकाच शब्दात, आणि आपण दिवसभर दोन्ही वापरतो.

अशा शब्दांना आपण अनेकार्थी म्हणतो. मिशेल ब्रेआल या फ्रेंच अभ्यासकाने 1897 साली यासाठी 'पॉलिसेमी' ही संज्ञा रूढ केली. त्याचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं: नवा अर्थ आला म्हणून जुना मरत नाही, दोन्ही सोबत राहतात. नाव नव्या गोष्टीला दिलं, तरी जुनीने ते सोडलेलं नसतं. 'पत्र' बघा. झाडाचं पान ते पत्र. पानावर लिहीत म्हणून लिहिलेला मजकूर ते पत्र. पानासारखा पातळ धातू तो पत्रा. 'बिल्वपत्र' म्हणताना आपल्याला टपाल आठवत नाही, आणि छपरावरच्या पत्र्याकडे बघून झाडाचं पान तर मुळीच आठवत नाही.

पण सगळेच शब्द असे साखळीने वाढत नाहीत. काही शब्दांत एकच गुण मध्यभागी असतो आणि तो जिथे जिथे दिसेल तिथे नाव थेट जाऊन बसतं. संस्कृतात 'द्विज' म्हणजे ब्राह्मण, पक्षी आणि दात. वरवर पाहता यांच्यात काय आहे? तिघंही दोनदा जन्मतात: एकदा प्रत्यक्ष जन्म आणि नंतर उपनयन, आधी अंडं आणि मग त्यातून बाहेर येणं, आधी दुधाचे दात आणि मग कायमचे. दात आणि पक्षी यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, दोघांचा संबंध मधल्या कल्पनेशी आहे. हा फरक लक्षात ठेवा, कारण साखळी समजून दोन टोकं जोडायला गेलात तर इथे काहीच हाती लागत नाही.

याचं सगळ्यात भव्य उदाहरण 'हरि'. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग आहे, म्हणजे अनेक अर्थांच्या शब्दांचा स्वतंत्र भाग. तिथे एका श्लोकात 'हरि'चे अर्थ दिलेत: यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड आणि बेडूक, शिवाय पिंगट रंगाचं काहीही. तेरा नावं आणि एक रंग. उलगडा त्या शेवटच्या रंगात आहे. 'हरि' हा मुळात पिवळा, पिंगट, हिरवट अशा छटांचा शब्द; 'हरित', 'हिरण्य', 'हरिद्रा' ही त्याचीच भावंडं. सिंह पिंगट, माकड पिंगट, पोपट आणि बेडूक हिरवे, सूर्य आणि किरण सोनेरी. वारा आणि यम मात्र रंगात बसत नाहीत. परंपरा 'हरि'ची दुसरी व्युत्पत्ती देते, हरण करणारा, आणि या दोघांना तीच जास्त शोभते असं माझं मत आहे: वारा वाहून नेतो, यम प्राण नेतो. म्हणजे एकाच शब्दात दोन केंद्रं असण्याचीही शक्यता आहे.

अलीकडच्या काळातलं उदाहरण हवं असेल तर 'कोरोना'. लॅटिनमध्ये कोरोना म्हणजे मुकुट. हृदयाला वेढून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना मुकुटाच्या वेढ्यावरून 'कोरोनरी' म्हटलं गेलं. खग्रास ग्रहणात सूर्यबिंबाभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाला कोरोना म्हणतात. आणि 1968 साली विषाणूंच्या एका गटाला हे नाव दिलं गेलं, तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी त्यांच्या कडेची झालर बघून शास्त्रज्ञांना मुकुट नाही, तर सूर्याचा कोरोना आठवला होता. एकाच शब्दात इथे दोन्ही प्रकार आहेत: हृदय आणि सूर्य थेट मुकुटापासून, विषाणू सूर्यामार्फत.

आतापर्यंतच्या सगळ्या शब्दांत काही ना काही दुवा होता. आता जिथे खरोखर दुवा नसतो ते शब्द. इथे एका शब्दाचे अनेक अर्थ झालेले नसतात. अनेक शब्द झिजत झिजत किंवा बाहेरून येऊन एकाच उच्चाराला पोचलेले असतात. 'बस, आता बसमध्ये बस' हे वाक्य घ्या. पहिला 'बस' फारसी, अर्थ पुरे. दुसरा इंग्रजीतून आला. मूळ लॅटिन 'ओम्निबुस', म्हणजे सर्वांसाठी, आणि आपण ज्याला बस म्हणतो तो त्या शब्दाच्या विभक्तिप्रत्ययाचा तुकडा आहे. तिसरा आपला घरचा, संस्कृत 'उपविश्'पासून जुन्या मराठीत 'बैसणे' आणि तिथून 'बसणे'. तीन वेगळ्या भाषांतून आलेले तीन शब्द दोन अक्षरांत भेटले. यात अर्थाचा काही हात नाही.

'वर' हा याहून सुंदर नमुना, कारण त्यात दोन्ही प्रकार एकत्र आहेत. लग्नातला वर आणि देवाने दिलेला वर हे दोन्ही 'वृ' म्हणजे निवडणं या धातूचे: एक निवडलेला माणूस, दुसरी निवडून मागितलेली गोष्ट. ते सख्खे भाऊ. 'टेबलावर', 'वर बघ' यांतला 'वर' मात्र 'उपरि'चा झिजलेला अवशेष आहे. त्याचं आणि त्या दोघांचं नातं शून्य.

इथे एक कळकळीची विनंती. दुवा दिसत नसेल तर तो रचू नका. 'घरात ज्याचा मान वरचा तो वर' अशी व्युत्पत्ती बसल्या बसल्या तयार होते, ऐकायला छान वाटते आणि लोक ती पुढे सांगत राहतात. ती चुकीची आहे, आणि तेवढ्यावर थांबत नाही. तिच्यामुळे 'निवडलेला' ही खरी गोष्ट झाकली जाते.

मग खरा दुवा आणि निव्वळ टक्कर यांतला फरक ओळखायचा कसा? पहिला उपाय म्हणजे जुनं रूप शोधणं. 'उपरि' कळलं की 'वर'चा प्रश्न सुटतो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: तीच जोडी दुसऱ्या भाषांत आहे का ते बघायचं. इंग्रजीत क्रेन म्हणजे क्रौंच पक्षी आणि वजन उचलणारं यंत्रही. प्राचीन ग्रीकमध्ये 'गेरानोस'चे हेच दोन अर्थ, फ्रेंचमध्ये 'ग्र्यू'चेही हेच. लांब मान पुढे काढून खाली वाकणारं काहीतरी, हे साम्य बघणाऱ्याला दिसतंच. त्याच ग्रीक शब्दावरून जिरेनियम या झाडालाही नाव मिळालं, त्याचं फळ क्रौंचाच्या चोचीसारखं लांब टोकदार असतं म्हणून. मासिकाच्या अंकाचंही तसंच आहे: फ्रेंचमध्ये 'न्युमेरो' म्हणजे क्रमांक आणि नियतकालिकाची प्रतही. इतक्या भाषांत तीच जोडी सापडली तर ती उच्चाराची टक्कर असणं अशक्य. अर्थात भाषा एकमेकींचं बघून उचलतात, म्हणून हा पुरावा एकट्याने पुरत नाही. संगणकाचा माउस जगभर उंदराच्या नावाने ओळखला जातो, पण ती कल्पना एकदाच सुचली आणि बाकीच्यांनी घेतली.

तुमच्या प्रश्नात एक न विचारलेला प्रश्नही आहे: एवढे अर्थ असूनही गोंधळ का होत नाही? कारण ते अर्थ सहसा एकाच जागी भेटत नाहीत. 'वर' नाम म्हणून आला तर एक, अव्यय म्हणून आला तर दुसरा. तो हार गळ्यात पडतो, ती हार पत्करावी लागते. ती माळ ओवतात, तो माळ उजाड असतो. लिंगानेच काम भागतं. 'परवा' तर कमालीचा: गेलेला दिवसही परवा आणि येणाराही परवा, आणि सगळा भार क्रियापद उचलतं. 'परवा भेटलो', 'परवा भेटू'. आपल्याला अडखळायला होत नाही.

जिथे खरोखर अडखळायला होतं तिथे भाषा स्वतः हालचाल करते. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गास्कोनीची हकिगत भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. ज्यूल जिलिएराँ यांनी फ्रान्सभरच्या बोलींचे नकाशे केले, त्यातून ती पुढे आली. लॅटिनमध्ये कोंबडा 'गाल्लुस' आणि मांजर 'काट्टुस'. गास्कोनीच्या काही भागात शेवटच्या 'ल्ल'चा 'त' झाला, आणि दोन्ही शब्द झिजून 'गात' झाले. आता 'माळी' म्हणजे बाग राखणारा आणि 'माळी' म्हणजे आडनाव एवढ्याने कुणाचं अडत नाही, पण कोंबडा आणि मांजर एकाच अंगणात असतात, एकाच वाक्यात दोघंही तितकेच शोभतात. शेतकऱ्याने 'गात' म्हटलं तर काय समजायचं? लोकांनी कोंबड्याचं जुनं नाव सोडलं. कुठे त्याला फेझंट पक्ष्याचं नाव दिलं, कुठे चर्चमधल्या उपधर्मगुरूच्या पदाचं. नकाशावर बघितलं तर जिथे 'ल्ल'चा 'त' झाला त्याच पट्ट्यात कोंबड्याला ही नवी नावं आहेत. पट्ट्याबाहेर जुनंच नाव शाबूत. मला यातली दुसरी बाजू तितकीच विलक्षण वाटते: एक गोंधळ निस्तरताना फेझंट आणि उपधर्मगुरू या दोन शब्दांना नवे, वरवर पाहता पूर्णपणे असंबंधित अर्थ मिळाले. उद्या ही हकिगत विसरली गेली, तर तुमच्यासारखंच कुणीतरी विचारेल की धर्मगुरूचा आणि कोंबड्याचा काय संबंध.

कोणत्या शब्दांना जास्त अर्थ चिकटतात, याचंही उत्तर आहे. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने 1945 साली दाखवलं की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. साहजिक आहे. नव्या गोष्टीला नाव हवं असतं तेव्हा आपण तोंडात सतत असलेल्या शब्दाकडेच हात नेतो. म्हणून घोडा बुद्धिबळातही असतो आणि बंदुकीलाही असतो, पण तरसाला असा मान मिळत नाही.

शब्दकोश हाताळताना एवढं बघा: एकाच नोंदीखाली 1, 2, 3 असे आकडे घातलेले असतील तर कोशकाराच्या मते तो एक शब्द आहे, त्याच स्पेलिंगच्या दोन स्वतंत्र नोंदी असतील तर दोन शब्द. पण ही रेघ कुठे मारायची हे किती खोल खणायचं त्यावर ठरतं. 'पाठीला बाक आलाय' मधला बाक 'वक्र'च्या कुळातला. वर्गातला बाक पोर्तुगीज 'बांको'वरून आलेला. दोन नोंदी, वाद नाही. पण वर्गातला बाक आणि पैशाची बँक हे आपण कधी एकत्र विचारात घेत नाही, आणि ते दोन्ही बाकासाठीच्या एकाच जुन्या जर्मानिक शब्दाकडे जातात. सराफ ज्या बाकावर नाणी मांडून बसत, त्या बाकाचं इटालियन नाव त्यांच्या धंद्याला मिळालं. नदीकाठाला इंग्रजीत 'बँक' म्हणतात तेही त्याच कुळातलं, तरी पाठ्यपुस्तकं नदीकाठ आणि पैसा यांना दोन वेगळ्या शब्दांचं ठरलेलं उदाहरण म्हणून देतात. आजच्या बोलणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे, व्युत्पत्तीच्या दृष्टीने नाही. म्हणून एखाद्या कोशात तुम्हाला दोन नोंदी दिसल्या आणि दुसऱ्यात एक, तर कुणीतरी चुकलंय असं लगेच समजू नका. आधी त्या कोशाने किती मागे जाऊन पाहिलंय ते प्रस्तावनेत वाचा.