बँकेच्या लिलावातला फ्लॅट घेण्याआधी त्यावर आणखी कुणाचा बोजा आहे का, हे कसं तपासायचं?

जाहिरातीत ‘बोजा: बँकेच्या माहितीनुसार नाही’ असं छापलेलं असतं. त्यावर विसंबू नका. विक्री ‘जसे आहे तसे’ तत्त्वावर असते, म्हणजे नंतर निघालेली थकबाकी बहुधा तुमच्या गळ्यात.

पहिलं काम सरसाईच्या (CERSAI, म्हणजे तारण मिळकतींची केंद्रीय नोंदणी) पोर्टलवर. तिथे मिळकतीचा आणि कर्जदाराचा, असे दोन्ही शोध घ्या. एकाच फ्लॅटवर दोन बँकांचं कर्ज असेल तर ते इथे दिसण्याची शक्यता सर्वात जास्त. मग महाराष्ट्र नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्र. 2 (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) काढा, शक्यतो 30 वर्षांची. सर्व्हे नंबर, सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, फ्लॅट नंबर असं सगळं फिरवून बघा. जुन्या नोंदी वेगळ्याच नंबराखाली सापडतात. नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची नोंदणी विभागाला दिलेली सूचना, तीही तिथेच दिसते. जमीन असेल तर सातबाऱ्यावरचं ‘इतर हक्क’ सदर नीट वाचा.

खरी मेख मात्र सोसायटीच्या ऑफिसात असते. सेक्रेटरीकडून मेंटेनन्सची थकबाकी लेखी घ्या. मालमत्ता कर आणि वीजबिलही पाहा. के. सी. निनान खटल्यात (2023) सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की नियमांत तशी तरतूद असेल तर जुनं वीजबिल भरल्याशिवाय नवीन घेणाऱ्याला कनेक्शन नाकारता येतं.

बँकेला एवढं नक्की विचारा: ताबा प्रत्यक्ष आहे की फक्त कागदोपत्री? आणि डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) केस चालू आहे का? हे सगळं बोलीआधीच. बोली लागली की 25 टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरावी लागते.