फोन मध्येच ठेवायचा सराव

“आई फोन वाजला तरी दचकते. फसवणूक होऊन दोन महिने झाले, पण अजून सावरत नाही. काय करू?” एका मुलाने विचारलं. हाच प्रश्न हल्ली मला बऱ्याच घरांतून येतो. त्याची आई निवृत्त शिक्षिका, एकतीस वर्षं बीजगणित शिकवलेलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

बाईंना फोन आला, “तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत.” मग व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला माणूस. दोन दिवस कॉल चालू. रात्रीही मोबाइल उशाशी, कॅमेरा सुरू. कुणाला सांगितलं तर मुलालाही अटक करू, ही धमकी. बँकेत एफडी मोडताना काय कारण सांगायचं, तेही त्यांनीच पढवलेलं.

व्हिडिओ कॉलवर असं डांबून ठेवण्याला हे भामटे ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात; असा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही ते सांगितलं होतं. बाईंनी ते ऐकलंही होतं. मग? दोन रात्री झोप नाही, कुणाशी बोलायची मुभा नाही, वर मुलाच्या जिवाची काळजी. अशा वेळी ऐकलेलं आठवत नाही. हुशारीचा इथे संबंधच नाही, हे मी मुलाला तीन वेळा सांगितलं. कारण घरी त्याचं पहिलं वाक्य होतं, “आई, तुला एवढंही कळलं नाही?” त्या वाक्यापायी बाईंनी पुढचं काही सांगायचंच सोडलं. त्यातच तक्रारीला पाच दिवस उशीर झाला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवलं असतं, तर पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी अडवायची शक्यता जास्त होती. पाच दिवसांनी थोडीच रक्कम गोठवता आली.

आमचं खरं काम निघालं भलत्याच ठिकाणी. बाईंना समोरच्याचं बोलणं तोडता येत नव्हतं.

मग सराव केला. मी भामटा झाले. “मॅडम, तुमचं सिम दोन तासांत बंद होणार आहे.” बाई समजावू लागल्या, “अहो, पण मी तर बिल वेळेवर भरते.” दुसऱ्यांदा म्हणाल्या, “बरं, ठेवते हं मी,” आणि फोन कानाला तसाच धरून थांबल्या. माझ्या होकारासाठी! ते थांबणं मला फार लागलं. जन्मभराचं वळण होतं ते, आणि नेमकं तेच त्या लोकांनी वापरलं होतं.

“फार उद्धटपणा वाटतो हो.”

“बाई, अनोळखी माणूस दारात आला तर तुम्ही साखळी काढता?”

“छे!”

चौथ्या वेळी माझं वाक्य अर्ध्यावर असताना त्यांनी फोन ठेवला. हात थरथरत होता. मुलालाही एक काम दिलं: असा कॉल तोडल्याचं सांगायला आईचा फोन आला की आधी “बरं केलंस” म्हणायचं, चौकशी नंतर.

महिन्याभराने बाई आल्या त्या बसायच्या आधीच सांगू लागल्या. वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन कापू, असा फोन आला होता. “त्याचं ‘कापू’ पूर्ण व्हायच्या आत ठेवला मी. मग मुलाला लावला.”

“काय म्हणाला?”

“बरं केलंस म्हणाला. आणि जेवलीस का, असं विचारलं.”