पहिल्या वर्षी पुरुषोत्तम की फिरोदिया?

ऑगस्टमध्ये पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाची, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची, प्राथमिक फेरी असते. आपल्या कॉलेजची एकांकिका नसली तरी तिकीट काढून जा आणि त्या दिवशीच्या सगळ्या एकांकिका सलग बघ. आरोळ्या ठोकायला हरकत नाही (घसा बसतोच), पण सेट किती झपाट्याने लागतो तेही बघ. १९६३ पासूनची स्पर्धा आहे आणि परीक्षक कुणाची भीड ठेवत नाहीत. २०२२ मध्ये करंडक कुणालाच दिला नव्हता.

गाणं, चित्रकला, वाद्य यातलं काही येत असेल तर कॉलेजच्या फिरोदिया करंडकाच्या टीमला भेट. हीसुद्धा कॉलेजांमधलीच स्पर्धा. तिथे या कला एकाच सादरीकरणात गुंफतात.

पहिल्याच वर्षी भूमिका मिळेल असं धरून चालू नकोस. प्रॉपर्टी (नाटकात लागणाऱ्या वस्तू) सांभाळ, म्हणजे रोज तालमीला बसता येईल. आणि हजेरीचं सरांशी आधीच बोलून ठेव.